पुलावर गाडी घालण्याआधी

घाटात गाडी तापली तर ती कडेला घेता येते. महामार्गावर वाट चुकली तर पुढच्या कटवरून वळता येतं. पुलावर यातलं काहीच जमत नाही. दोन्ही बाजूंना कठडा, खाली पाणी किंवा दरी आणि मागे गाड्यांची रांग. अशा जागी पंचवीस-तीस टनांची गाडी उलटी घेणं जवळपास अशक्य असतं. म्हणून पुलाबाबतचे सगळे मोठे निर्णय पुलाच्या अलीकडेच घ्यावे लागतात. हा लेख त्या निर्णयांविषयी आहे. तो ट्रक, टँकर, ट्रेलर आणि हायवा चालवणाऱ्यांसाठी आहे, तसाच त्यांना फोन करून ‘कुठे पोचलास?’ असं विचारणाऱ्या मालकांसाठीही आहे.

पुलावर चढताना छातीत धडधड होणं यात कमीपणा काही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानीचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या व एक टवेरा वाहून गेली. ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल पडला. त्या वेळी पुलावर असलेला ट्रक नदीत गेला, चालकाला मात्र जिवंत बाहेर काढता आलं. ९ जुलै २०२५ च्या सकाळी गुजरातेत मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा एक गाळा तुटला. तो पूल १९८५ मधला होता. तुटलेल्या टोकावर लटकलेला टँकर जवळपास चार आठवडे तसाच होता.

या तिन्ही ठिकाणी चालकांचा काडीचाही दोष नव्हता. पूल तपासणं, दुरुस्त करणं, धोकादायक असेल तर बंद करणं हे सरकारी यंत्रणांचं काम आहे आणि त्याचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. पण पुलावरचे बरेच धोके असे आहेत की ते आधी ओळखता येतात आणि टाळताही येतात. तेवढे तरी आपण आपल्या हातात ठेवू.

पूल हलतो तेव्हा

कोंडीत गाडी पुलाच्या मधोमध उभी असते, समोरून भरलेली हायवा जाते आणि आपली सीट खालीवर होते. नव्या चालकाचा जीव यानेच घाबरतो. लांब गाळ्याचा पूल भाराखाली थोडा वाकतो आणि परत वर येतो. तो तसाच बांधलेला असतो. गाळ्यांच्या जोडांवरून जाताना ‘धड-धड’ असा आवाज येतो, तोही नेहमीचा. उन्हात पूल प्रसरण पावतो, त्याला जागा मिळावी म्हणून तिथे फट ठेवलेली असते.

काळजी करायची ती बदलाची. नेहमीच्या पुलावर एखाद्या जोडापाशी अचानक पायरीसारखा धक्का बसू लागला, कठड्याची सरळ रेघ मध्येच खाली गेलेली दिसली, जोडाची फट रुंदावून खालचं पाणी दिसू लागलं, पुलाला लागून असलेला भराव खचला, तर ती खूण समजा. पाटण्याच्या महात्मा गांधी सेतूचे गाळे मध्यभागी खाली बसत गेले होते. १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या पुलाचा वरचा सगळा भाग अखेर काढून तिथे पोलादी सांगाडा बसवावा लागला. अशी खूण दिसली तर पूल पार झाल्यावर सुरक्षित जागी थांबून राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर किंवा ११२ वर कळवा. जमल्यास तिथूनच फोटो घ्या. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या चालकाइतकं पुलाला कोणीच ओळखत नाही.

वजन: परवान्यावरचं आणि पुलावरचं

२०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका एक्सलला ११.५ टन आणि टँडम एक्सलला २१ टन अशी मुभा मिळाली. त्यामुळे गाडीची परवानगी वाढली, पण बैलगाड्यांच्या काळात किंवा हलक्या ट्रकसाठी बांधलेल्या जुन्या पुलाची ताकद काही त्यासोबत वाढली नाही. म्हणून पुलाअलीकडे वजनाची पाटी असेल तर तीच शेवटची मर्यादा. आरसी बुकावर काय लिहिलंय, हा तिथे मुद्दाच नसतो.

दुसरी गोष्ट, एकूण वजन बरोबर असूनही माल मागे लोटलेला असेल तर एका एक्सलवर जादा भार येतो. सळई, कॉइल, दगड, मोटारींचे सुटे भाग अशा मालात हे नेहमी घडतं. काट्यावर पूर्ण गाडीचं वजन झालं की फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा एकदा वजन घ्या. एवढ्याने भार कुठे बसलाय ते कळतं.

वजनाची मर्यादा घातलेल्या पुलावर समोरच्या गाडीला चिकटून जाऊ नका. ती गाळा ओलांडून पुढे गेल्यावरच आपली गाडी आत घाला. वेग कमी ठेवा, कारण खड्ड्यात किंवा जोडावर आदळलेली गाडी तिच्या वजनापेक्षा जास्त दणका देते. आणि ओव्हरलोडचं गणित एकदा मालकासोबत बसून करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार दंड २०,००० रुपये, त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. एका खेपेत मिळालेलं जादा भाडं याला पुरत नाही.

उंची: रिकामी गाडी जास्त फसवते

रेल्वेचे जुने पूल, बोगदेवजा मोऱ्या आणि शहरातले जुने उड्डाणपूल इथे गाड्या अडकतात. साध्या कंटेनरची उंची सुमारे २.६ मीटर, हाय क्यूब कंटेनरची २.९ मीटर. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून दीड मीटरवर धरला तर हाय क्यूब चढवलेली गाडी ४.४ मीटरवर जाते. प्रत्येक खेपेला माल भरल्यावर जमिनीपासून सर्वांत उंच टोकापर्यंत टेपने मोजा आणि तो आकडा केबिनमध्ये डोळ्यांसमोर खडूने लिहून ठेवा. पोकलेन, जेसीबी, कापसाच्या गाठी, कडबा, ऊस असा माल असेल तर हे विसरून चालणार नाही.

अनुभवी चालकही तीन गोष्टींत फसतात. पहिली, भरलेली गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसते आणि रिकामी झाली की वर उठते. जाताना भरलेली निघून गेलेली गाडी येताना रिकामी असताना त्याच पुलाला घासू शकते. दुसरी, पुलावर उंचीची पाटी लावल्यानंतर रस्त्यावर डांबराचे नवे थर पडतात आणि उंची तेवढी कमी होते. तिसरी, कमानीच्या पुलाची लिहिलेली उंची बहुधा मधल्या भागाची असते, कडेला ती बरीच कमी असते. शंका आली की थांबा, क्लीनरला खाली उतरवा आणि त्याच्या इशाऱ्यावर इंच-इंच पुढे घ्या.

गाडी अडकलीच तर रेस देऊन ओढू नका. टायरमधली हवा थोडी कमी केली की गाडी खाली बसते आणि अनेकदा सुटते. पण धडक रेल्वेच्या पुलाला बसली असेल तर गाडी सोडवून निघून जाऊ नका. आधी १३९ वर किंवा जवळच्या स्टेशनला कळवा. तुळई जागची हलली असेल तर वरून येणाऱ्या गाडीतल्या माणसांच्या जिवाशी गाठ आहे.

पाणी: इथे एकच नियम

पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. पाणी किती खोल आहे, गाडी किती जड आहे, समोरचा गेला की नाही, हे प्रश्न विचारायचेच नाहीत.

कारणं साधी आहेत. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. रिकामा टँकर जड दिसला तरी पोटात हवा असल्यामुळे पाण्यात उचलला जातो. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय, हे केबिनमधून दिसत नाही. पुढची गाडी पार झाली याचा अर्थ एवढाच, की ती जाईपर्यंत रस्ता होता. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना नांदेड-नागपूर एसटी वाहून गेली. एसटी काही हलकी गाडी नाही.

पाणी पुलावर आलेलं नसलं तरी तुळईला टेकलं असेल, सोबत झाडं-ओंडके वाहत असतील, तर थांबा. पाणी ओसरल्यावरही लगेच घाई नको. पूल उभा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचा भराव आतून वाहून गेलेला असतो. वरचं डांबर तेवढं पातळ पापुद्र्यासारखं राहिलेलं असतं. प्रशासनाने रस्ता खुला केल्यावरच निघा.

पावसाळ्यात पुणे-बेंगळुरू महामार्गावर जाणाऱ्यांनी कोल्हापूरचा विचार सातारा-कराडपासूनच करावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि हजारो ट्रक दिवसेंदिवस अडकून पडले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे आकडे पुराच्या दिवसांत बातम्यांत रोज येतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली तर पुढे काय वाढून ठेवलंय ते समजा. पातळी चढत असेल तर वारणा आणि पंचगंगेच्या मध्ये सापडण्यापेक्षा अलीकडे चांगला ढाबा किंवा पंप गाठून थांबलेलं बरं. पावसाळ्यात केबिनमध्ये चार दिवसांचा कोरडा शिधा, पिण्याचं पाणी, नेहमीची औषधं आणि टॉर्च ठेवाच.

वारा: रिकाम्या कंटेनरचा शत्रू

खाडीवरच्या उंच पुलांवर वारा आडवा येतो. चाळीस फुटी हाय क्यूब कंटेनरची एक बाजू सुमारे ३५ चौरस मीटरची असते. ताशी ७० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर जवळजवळ टनभर रेटा बसतो. भरलेल्या गाडीला तो फारसा जाणवत नाही. रिकामा कंटेनर मात्र स्वतःच चार टनांच्या आसपास असतो, आणि त्यात वाऱ्याचा हा रेटा उंचावर बसतो.

म्हणून रिकामा कंटेनर असला तरी चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक लावलेलेच असावेत. ताडपत्री आणि दोर पुलाअलीकडे एकदा तपासा, कारण फडफडणारी ताडपत्री मागच्या दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकते. पुलावर दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग कमी, शेजारच्या उंच गाडीपासून अंतर. मोठी गाडी ओलांडून पुढे गेल्यावर वारा एकदम अंगावर येतो, तेव्हा स्टिअरिंगला झटका देऊ नका. वादळी हवेत वाट पाहणं हाच उपाय.

शिवडी-न्हावा शेवा मार्गावरच्या अटल सेतूची लांबी २१.८ किलोमीटर आहे. मध्ये वळायची सोय नाही. तिथे चढण्याआधी डिझेल, हवा, टायर आणि उतरायची वाट हे सगळं पक्कं असू द्या. अवजड गाड्यांना कुठे उतरायचं, वेग किती ठेवायचा, याच्या पाट्या नीट वाचा.

उताराचा पूल: गिअर आधी, ब्रेक नंतर

पुण्यातला नवले पूल माहीत नाही असा मालवाहू चालक या भागात विरळा. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की दरी पूल ओलांडून पुढे नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. उतार डोळ्यांना फारसा जाणवत नाही, म्हणूनच तो घातक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा भीषण अपघात झाला आणि गाड्यांनी पेट घेतला.

अशा उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची सवय अजून गेलेली नाही. ती सवय जिवावर उठणारी आहे आणि आजच्या गाड्यांत तिचा फायदाही नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागत राहतं. म्हणजे न्यूट्रल करणारा डिझेल घालवतो आणि इंजिनाचा ब्रेकही गमावतो. सगळा भार लायनरवर येतो, ड्रम तापतो आणि ऐन चौकापाशी पाय दाबूनही गाडी थांबत नाही.

जो गिअर हा उतार चढायला लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. एक्झॉस्ट ब्रेक वापरा. पायाचा ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. हवेच्या प्रेशरच्या काट्यावर लक्ष ठेवा. लायनर जळल्याचा वास आला तर तो इशारा मानून डावीकडे सुरक्षित जागी थांबा आणि ड्रम थंड होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.

अरुंद पूल आणि कोंडी

एका गाडीपुरत्या पुलावर समोरची गाडी आधी चढली असेल तर तिला येऊ द्या. पुलावर ओव्हरटेक नाही. समोरच्याचा प्रकाशझोत डोळ्यांत आला तर नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा आणि डीपर द्या.

कोंडी हा वेगळा छळ आहे. वसईच्या खाडीवरचा जुना वरसावे पूल दुरुस्तीसाठी वेळोवेळी बंद झाला तेव्हा अवजड गाड्यांना मनोर-वाडा-भिवंडी किंवा चिंचोटी-कामण-अंजूरफाटा असं फिरावं लागे. २०२३ मध्ये नवा पूल आला. भरूचच्या नर्मदेवरही २०१७ च्या नव्या पुलाआधी रांगा ठरलेल्या असत. गोव्यात जुन्या झुआरी पुलावर अवजड वाहनांना बंदी होती तेव्हा फोंडा-बोरीमार्गे जावं लागे. यातून शिकायचं ते असं: दोन्ही बाजूंचा एक-एक पर्यायी रस्ता पाठ ठेवा, त्या रस्त्यावरच्या पुलांची क्षमता आणि शहराच्या प्रवेशबंदीच्या वेळा निघण्याआधी विचारून घ्या. कोंडीत उलट्या दिशेने गाडी घालू नका. रुग्णवाहिका त्याच रांगेत असते.

गाडी पुलावर बंद पडली तर

शक्य असेल तर असलेल्या वेगावर गाडी घरंगळत नेऊन पूल ओलांडा. नाहीच जमलं तर डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि प्रतिबिंबक त्रिकोण किमान शंभर पावलं मागे ठेवा. टायर बदलायला किंवा गाडीखाली शिरायला पुलावर बसू नका. क्रेन मागवा. चालक आणि क्लीनर दोघांनीही गाडीमागे न थांबता पुलाच्या टोकाशी जावं.

एक सूचना विशेष लक्षात ठेवा. दोन जोडपूल शेजारी असतात तिथे मधल्या दोन कठड्यांच्या मध्ये मोकळी फट असते. रात्री ती दुभाजकासारखी दिसते. अंधारात मधला कठडा कधीही ओलांडू नका, पलीकडे जमीन असेलच असं नाही.

मनाची तयारी

उंच पुलावर हात घामेजत असतील तर खाली पाहू नका, दूरच्या रस्त्यावर नजर ठेवा. लेनच्या मधोमध चला, श्वास सावकाश घ्या, क्लीनरला बोलतं ठेवा. पुलाच्या मध्ये थांबल्याने भीती वाढते. नव्या चालकाला अवघड पूल पहिल्यांदा दिवसा आणि जाणत्या माणसासोबत पार करू द्या. भीती फारच त्रास देत असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर उपचार आहेत. ती दारूने किंवा गोळीने दाबणं म्हणजे जिवाशी खेळ.

मालकांनो, तुमच्यासाठी

वर लिहिलेलं सगळं चालकाला माहीत असूनही तो पाण्यात गाडी घालतो, कारण उशीर झाला तर भाडं कापलं जाईल, असं त्याला वाटत असतं. ही भीती तुम्हीच काढू शकता. पुलाबाबत थांबायचा निर्णय चालकाचा असेल आणि त्या उशिराचा पैसा त्याच्या पगारातून कापला जाणार नाही, हे त्याला लेखी द्या. माल देणाऱ्या कंपनीशी करार करताना पूर आणि पूलबंदीचा उशीर त्यात लिहून घ्या. आणि पुलाअलीकडे गाडी उभी करून चालकाने फोन केला, तर सबब न विचारता ‘बरं केलंस’ म्हणा.